मेफ्लॉवर जहाजावरचा पूर्वज कसा शोधतात? स्टीफन हॉपकिन्सच्या चुकलेल्या गावाची गोष्ट

१६२० साली ‘मेफ्लॉवर’ नावाचं जहाज इंग्लंडहून निघालं आणि आजच्या अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याला लागलं. जहाजावर १०२ प्रवासी होते. पहिल्याच हिवाळ्यात त्यातले जवळपास निम्मे दगावले. जे वाचले त्यांनी प्लिमथ ही वसाहत वसवली. आज या मोजक्या माणसांचे वंशज जगभरात साडेतीन कोटींच्या आसपास असावेत, असा अंदाज सांगितला जातो.

आपण त्यातलेच एक आहोत, हे सिद्ध करण्यासाठी आजही असंख्य अमेरिकन लोक जुनी दफ्तरं चाळत असतात. जनगणनेचे कागद, मृत्युपत्रं, जमिनीचे खरेदीखत, चर्चच्या नोंदवह्या असं काय काय त्यांना धुंडाळावं लागतं. त्यातून कधी खजिना हाती लागतो, तर कधी अनेक दशकं खरी मानलेली गोष्ट साफ खोटी निघते.

स्टीफन हॉपकिन्स या प्रवाशाच्या बाबतीत नेमकं असंच घडलं. त्याचं इंग्लंडमधलं गाव, त्याच्या पहिल्या बायकोचं नाव हे सगळं पुस्तकांतून छापून आलं होतं. १९९८ साली ते चुकीचं ठरलं. ही चूक कशी झाली आणि ती कशी सापडली, हे समजून घेतलं की चारशे वर्षांपूर्वीचा पूर्वज शोधायचा म्हणजे काय करायचं, हेही कळतं.

मेफ्लॉवरचा वंशज असण्याचं एवढं महत्त्व का?

मेफ्लॉवर हे अमेरिकेत आलेलं पहिलं इंग्रज जहाज नव्हतं. व्हर्जिनियातल्या जेम्सटाउनची वसाहत त्याआधी तेरा वर्षं, म्हणजे १६०७ मध्येच सुरू झाली होती. तरीही अमेरिकेच्या शाळेत शिकवल्या जाणाऱ्या इतिहासात मेफ्लॉवरच्या प्रवाशांना खास जागा मिळाली. ‘थँक्सगिव्हिंग’ हा सण त्यांच्याशी जोडला गेला. किनाऱ्यावर उतरण्याआधी जहाजावरच्या ४१ पुरुषांनी आपला कारभार आपण मिळून चालवू, अशा करारावर सह्या केल्या. हा ‘मेफ्लॉवर करार’ अमेरिकी स्वराज्याची सुरुवात म्हणून सांगितला जातो.

त्यामुळे या प्रवाशांशी नातं सांगणं प्रतिष्ठेचं झालं. १८९७ मध्ये ‘जनरल सोसायटी ऑफ मेफ्लॉवर डिसेंडंट्स’ ही वंशजांची संस्था स्थापन झाली. या संस्थेचं सभासद व्हायचं तर ‘आमच्या घरात असं सांगतात’ एवढं पुरत नाही. स्वतःपासून थेट मेफ्लॉवरच्या प्रवाशापर्यंत प्रत्येक पिढीचा जन्म, लग्न आणि मृत्यू यांचा पुरावा द्यावा लागतो. मधली एक कडी जरी निसटली तरी अर्ज अडतो.

हे काम सोपं व्हावं म्हणून संस्थेनं पहिल्या पाच पिढ्यांची माहिती देणारी ग्रंथमाला काढली. तिच्या रुपेरी मुखपृष्ठामुळे ती ‘सिल्व्हर बुक्स’ म्हणून ओळखली जाते. आपल्याकडे एखाद्या घराण्याचा कुलवृत्तांत असतो, तसाच हा प्रकार. फरक इतकाच, की इथे प्रत्येक विधानाला कागदाचा आधार दिलेला असतो. हॉपकिन्स कुटुंबासाठी या मालेत एक स्वतंत्र खंड आहे.

शोध नेहमी आजपासून मागे का जातो?

पूर्वज शोधणाऱ्या नवख्या माणसाची पहिली चूक ठरलेली असते. तो एखादा प्रसिद्ध पूर्वज आधी धरतो आणि तिथून खाली स्वतःपर्यंत येऊ पाहतो. आडनाव हॉपकिन्स आहे, म्हणजे आपण स्टीफन हॉपकिन्सचेच, असा हा हिशेब. पण हॉपकिन्स हे इंग्लंडमधलं सर्रास आढळणारं आडनाव. त्याच काळात आणि नंतरही वेगवेगळ्या हॉपकिन्स कुटुंबांतली माणसं अमेरिकेत गेली.

म्हणून शोध उलट दिशेनं करतात. आधी स्वतःचा जन्मदाखला, मग आई-वडिलांचा, मग आजी-आजोबांचा. एक पिढी पक्की झाल्याशिवाय पुढच्या पिढीला हात लावायचा नाही, हा नियम.

विसाव्या आणि एकोणिसाव्या शतकासाठी मोठा आधार म्हणजे अमेरिकेची जनगणना. ती १७९० पासून दर दहा वर्षांनी होते. माणसांची नावं असलेले मूळ कागद ७२ वर्षं गुप्त ठेवले जातात. १९५० च्या जनगणनेचे कागद त्यामुळे १ एप्रिल २०२२ रोजी खुले झाले.

पण जनगणनेतही खाचखळगे आहेत. १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ मध्ये वॉशिंग्टनमधल्या सरकारी इमारतीला लागलेल्या आगीत नष्ट किंवा खराब झाले. त्यामुळे १८८० आणि १९०० यांच्यामध्ये वीस वर्षांची पोकळी आहे. घरातल्या प्रत्येकाचं कुटुंबप्रमुखाशी काय नातं आहे, हे १८८० पासून नोंदवलं जाऊ लागलं. १८५० मध्ये घरातल्या सगळ्या स्वतंत्र माणसांची नावं पहिल्यांदा लिहिली गेली, पण नातं लिहिलं गेलं नाही. त्याआधीच्या जनगणनांमध्ये तर फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांची संख्या. म्हणजे १८४० च्या कागदावर एखादी बाई किंवा तिची मुलं एका आकड्याच्या रूपात असतात.

इथून मागे जायचं तर जनगणना बाजूला ठेवून दुसरे कागद शोधावे लागतात. न्यू इंग्लंड या भागाचं नशीब इथे बरं आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या गावांच्या कारकुनांनी सतराव्या शतकापासून जन्म, लग्न, मृत्यू लिहून ठेवले होते. १८५० पर्यंतच्या अशा अनेक नोंदी गावागावांनुसार पुस्तकरूपात छापल्याही गेल्या. त्यात चर्चच्या नोंदी, जमिनीचे व्यवहार आणि मृत्युपत्रं यांची भर पडते.

एका बैलानं तीन पिढ्या कशा जोडल्या?

वंशावळीच्या कामात मृत्युपत्राला फार किंमत असते. कारण मालमत्ता वाटताना माणूस नाती स्पष्ट सांगतो.

स्टीफन हॉपकिन्सनं ६ जून १६४४ रोजी मृत्युपत्र केलं. त्यात त्यानं आपला मोठा बैल मुलगा जाइल्स याला दिला. हा बैल तेव्हा मिसेस वॉरन यांच्याकडे भाड्यानं होता. त्या भाड्याचे वीस शिलिंग त्यानं जाइल्सच्या मुलाला, म्हणजे आपल्याच नावाच्या स्टीफन या नातवाला दिले. मुलगी कॉन्स्टन्स हिला घोडी दिली. तिचा उल्लेख निकोलस स्नो याची बायको असा आहे.

एवढ्या मजकुरातून किती गोष्टी सिद्ध होतात पाहा. आजोबा, मुलगा आणि नातू अशा तीन पिढ्या एकाच कागदावर आल्या. कॉन्स्टन्स हॉपकिन्स आणि कॉन्स्टन्स स्नो ही एकच व्यक्ती, हेही ठरलं. लग्नानंतर बायकांचं आडनाव बदलतं आणि वंशावळीत त्या हरवतात, ही शोधकर्त्यांची जुनी डोकेदुखी. इथे बापानं मुलीला घोडी दिली म्हणून मुलगी सापडली. स्नो घराण्याच्या वंशजांसाठी हे एक वाक्य म्हणजे मेफ्लॉवरचं तिकीट आहे.

मृत्युपत्रात डॅमरिस नावाच्या मुलीचाही उल्लेख येतो. मेफ्लॉवरवर हॉपकिन्सची डॅमरिस नावाची लहान मुलगी होती. मग ती हीच का? वरवर पाहता हो. पण मृत्युपत्रातली डॅमरिस पुढे जेकब कुकची बायको झाली आणि तिला १६६० च्या दशकातही मुलं झाली. १६२० च्या आधी जन्मलेल्या बाईच्या बाबतीत हे वय जुळत नाही. म्हणून अभ्यासक मानतात की जहाजावरची डॅमरिस लहानपणीच गेली आणि नंतर झालेल्या मुलीला तेच नाव दिलं गेलं. त्या काळी ही पद्धत सर्रास होती. नाव तेच, बापही तोच, पण माणसं दोन. केवळ नावावर विसंबलं तर अशी फसगत होते.

जहाजावर कोण होतं, हे कसं कळतं?

मेफ्लॉवरच्या प्रवाशांची माहिती प्रामुख्यानं एका हस्तलिखितातून मिळते. विल्यम ब्रॅडफर्ड हा स्वतः प्रवासी होता आणि पुढे अनेक वर्षं प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर होता. त्यानं वसाहतीचा इतिहास लिहिला. साधारण १६५० च्या सुमारास त्यानं त्याला एक यादी जोडली. जहाजावर कोणत्या कुटुंबात कोण होतं आणि तीस वर्षांनंतर त्यांचं काय झालं, हे त्यात नोंदवलं.

अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या धामधुमीत हे हस्तलिखित गायब झालं. १८५५ मध्ये ते लंडनच्या बिशपच्या फुलहॅम पॅलेसमधल्या ग्रंथालयात असल्याचं उघड झालं. १८५६ मध्ये ते छापलं गेलं आणि १८९७ मध्ये मूळ प्रत मॅसॅच्युसेट्सला परत मिळाली.

या यादीनुसार हॉपकिन्ससोबत त्याची बायको एलिझाबेथ आणि चार मुलं होती. त्यातली जाइल्स आणि कॉन्स्टन्स ही आधीच्या बायकोची. डॅमरिस आणि ओशनस ही एलिझाबेथची. ओशनसचा जन्म भर समुद्रात झाला, त्याचं नावही त्यावरूनच पडलं. शिवाय एडवर्ड डोटी आणि एडवर्ड लेस्टर हे दोन नोकर. कॉन्स्टन्सला पुढे बारा मुलं झाली आणि सगळी हयात आहेत, असंही ब्रॅडफर्डनं लिहून ठेवलं आहे. मेफ्लॉवरच्या वंशजांचा आकडा एवढा मोठा कसा, याचं उत्तर अशा नोंदींत मिळतं.

पण ब्रॅडफर्डनं एक गोष्ट लिहिली नाही. हॉपकिन्स मूळचा इंग्लंडमधल्या कुठल्या गावचा, आणि त्याची ती ‘आधीची बायको’ कोण? खरा घोळ सुरू झाला तो या रिकाम्या जागेतून.

चुकीचं गाव कुठून आलं?

विसाव्या शतकातल्या बऱ्याच पुस्तकांत हॉपकिन्सचं गाव ग्लॉस्टरशर परगण्यातलं वॉटन-अंडर-एज असं दिलेलं असे. तिथे हॉपकिन्स आडनावाचं एक कुटुंब होतं. स्टीफन हे नावही जुळत होतं. त्याच्या पहिल्या बायकोचं नाव कॉन्स्टन्स डडली होतं, असंही सांगितलं जाई. मुलीचं नाव कॉन्स्टन्स आहे, तर आईचंही तेच असणार, असं वाटणं स्वाभाविक होतं.

अडचण एकच होती. त्या गावचा स्टीफन आणि मेफ्लॉवरवरचा स्टीफन ही एकच व्यक्ती आहे, असं सांगणारा एकही कागद नव्हता. होता तो तर्क. पण एका पुस्तकातला तर्क दुसऱ्या पुस्तकात विधान झाला आणि तिसऱ्यात वस्तुस्थिती. कुटुंबांच्या वंशावळीत तो उतरला आणि पिढ्यान्‌पिढ्या नकलला गेला.

वंशावळीच्या अभ्यासात याला फार महत्त्व आहे. एकच दावा वीस पुस्तकांत आला म्हणजे वीस पुरावे होत नाहीत. वीसही लेखकांनी एकाच ठिकाणाहून उचललं असेल तर पुरावा एकच, आणि तोही कच्चा असू शकतो. आज इंटरनेटवरच्या वंशावळींना हाच नियम लागू होतो. एका क्लिकवर दुसऱ्याच्या झाडाची फांदी आपल्या झाडाला जोडता येते, आणि त्याबरोबर त्याची चूकही येते.

हर्स्लीच्या नोंदवहीत काय सापडलं?

इंग्लंडमध्ये १५३८ पासून प्रत्येक चर्चला बाप्तिस्मा, लग्न आणि दफन यांची नोंद ठेवण्याचा हुकूम होता. सगळ्या वह्या टिकल्या नाहीत, पण ज्या टिकल्या त्यांतूनच सामान्य माणसांचा माग लागतो.

मेफ्लॉवरचे अभ्यासक केलेब जॉन्सन यांना हॅम्पशर परगण्यातल्या हर्स्ली गावच्या नोंदवहीत स्टीफन हॉपकिन्सच्या तीन मुलांचे बाप्तिस्मे सापडले. मार्च १६०४ मध्ये एलिझाबेथ, ११ मे १६०६ रोजी कॉन्स्टन्स आणि ३० जानेवारी १६०८ रोजी जाइल्स. त्याच गावात ९ मे १६१३ रोजी मेरी हॉपकिन्स हिचं दफन झालं. तीन दिवसांनी, १२ मे रोजी, तिच्या मालमत्तेची व्यवस्था दोघांकडे सोपवली गेली. त्या कागदात कॉन्स्टन्स, एलिझाबेथ आणि जाइल्स या तिच्या अज्ञान मुलांची नावं आहेत.

हा शोध जुलै १९९८ मध्ये ‘द अमेरिकन जीनिऑलॉजिस्ट’ या अभ्यासपत्रिकेत प्रसिद्ध झाला.

इथेही नावंच जुळत होती. मग हा पुरावा वॉटन-अंडर-एजपेक्षा वेगळा कसा? कारण इथे एक नाव जुळत नव्हतं, अख्खं कुटुंब जुळत होतं. स्टीफन बाप, कॉन्स्टन्स मुलगी, जाइल्स मुलगा. १६२० मध्ये कॉन्स्टन्स चौदा वर्षांची आणि जाइल्स बारा वर्षांचा. दोघांची आई १६१३ मध्ये वारलेली. लंडनजवळच्या व्हाइटचॅपलमध्ये स्टीफन हॉपकिन्सचं एलिझाबेथ फिशरशी लग्न झाल्याची नोंद आहे ती फेब्रुवारी १६१८ मधली. म्हणजे ब्रॅडफर्डनं लिहिलेलं ‘आधीच्या बायकोची मुलं’ हे वर्णन तंतोतंत बसलं. कॉन्स्टन्स डडली मात्र वंशावळीतून बाहेर गेली. पहिल्या बायकोचं नाव मेरी होतं.

पुढे २००४ मध्ये त्याच पत्रिकेत अर्नेस्ट ख्रिस्टेनसेन यांनी आणखी एक पायरी मागे नेली. हॅम्पशरमधल्याच अपर क्लॅटफर्ड गावी ३० एप्रिल १५८१ रोजी बाप्तिस्मा झालेला, जॉन हॉपकिन्सचा मुलगा स्टीफन हाच तो असावा, असं त्यांनी मांडलं. लेखाच्या शीर्षकातच त्यांनी हे पालकत्व ‘संभाव्य’ म्हटलं. पक्कं काय आणि बहुधा काय, हे वेगळं सांगणं ही या क्षेत्रातल्या चांगल्या कामाची खूण मानली जाते.

मधली वर्षं रिकामी का होती?

हर्स्लीच्या नोंदींमध्ये एक गोष्ट डोळ्यात भरते. जाइल्सनंतर मुलांचे बाप्तिस्मे थांबतात. बाप कुठे होता?

१६०९ मध्ये ‘सी व्हेंचर’ नावाचं जहाज जेम्सटाउनकडे निघालं होतं. वादळात सापडून ते २८ जुलैला बर्म्युडा बेटांच्या खडकांवर आदळलं. जहाजावरचे सुमारे दीडशे लोक वाचले आणि त्यांनी नऊ-दहा महिने तिथेच काढले. विल्यम स्ट्रेची या प्रवाशानं या दिवसांचं वर्णन लिहून ठेवलं आहे. शेक्सपिअरच्या ‘द टेम्पेस्ट’ नाटकामागे हीच घटना असावी, असं अनेक अभ्यासक मानतात.

स्ट्रेचीच्या वर्णनात स्टीफन हॉपकिन्स नावाचा माणूस आहे. बायबलचा चांगला जाणकार. जहाज फुटलं तेव्हाच गव्हर्नरचा अधिकार संपला, आता कुणीही हुकूम पाळायला बांधील नाही, असं तो लोकांना सांगत असे. त्याच्यावर बंडाचा खटला चालला आणि मृत्युदंड झाला. घरी बायको आणि मुलं आहेत, ती उघड्यावर पडतील, अशी त्यानं विनवणी केली आणि त्याला माफी मिळाली.

हर्स्लीमध्ये मेरी आणि तीन लहान मुलं होती, हे आता कागदावर आहे. त्यामुळे बर्म्युडाचा बंडखोर आणि मेफ्लॉवरचा प्रवासी ही एकच व्यक्ती, हे म्हणणं बळकट झालं. अकरा वर्षांनी मेफ्लॉवरवरही तसाच वाद उभा राहिला. ठरलेल्या जागी न उतरता जहाज भलतीकडे लागलं, तेव्हा आता आमच्यावर कुणाची सत्ता नाही, असं काही प्रवासी म्हणू लागले. त्यातूनच मेफ्लॉवर करार झाला. या वेळी हॉपकिन्सची सही करारावर आहे.

तारखा दोन-दोन का दिसतात?

जुन्या इंग्रज नोंदी वाचताना ‘१६१७/१८’ असं विचित्र वर्ष दिसतं. तेव्हा इंग्लंडमध्ये नवं वर्ष १ जानेवारीला नाही, तर २५ मार्चला सुरू होई. हॉपकिन्सचं दुसरं लग्न १९ फेब्रुवारीचं. त्यांच्या हिशेबानं ते साल १६१७, आपल्या हिशेबानं १६१८.

१७५२ मध्ये ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींनी नवं कॅलेंडर स्वीकारलं. त्या वर्षी २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला. हे ध्यानात घेतलं नाही तर लग्नाआधीच मूल झालेलं दिसतं किंवा दफनानंतर मृत्युपत्र केलेलं दिसतं, आणि खरी कडी खोटी समजून तोडली जाते.

बनावट वंशावळींचा धंदा काय होता?

काही चुका मुद्दाम केलेल्या असतात. मूळचा स्वीडनचा गुस्ताव्ह अँजू (मृत्यू १९४२) हा अमेरिकेत श्रीमंत कुटुंबांना वंशावळी तयार करून देई. त्याची पद्धत चतुर होती. अमेरिकेत आलेला पूर्वज खरा. इंग्लंडमधलं खानदानी घराणंही खरं. दोघांना जोडणारा एखादा कागद तेवढा मनानं रचलेला. आजूबाजूच्या शंभर खऱ्या नोंदींमध्ये तो लपून जाई. त्याच्या वंशावळी ग्रंथालयांत पोहोचल्या आणि त्यातल्या चुका अजूनही निस्तराव्या लागतात.

डीएनए चाचणीनं हे सगळं सुटत नाही का?

फार थोडं. चारशे वर्षांत साधारण तेरा पिढ्या होतात. तेराव्या पिढीत प्रत्येकाला गणितानं ८,१९२ पूर्वज येतात. नात्यांत लग्नं झाल्यानं प्रत्यक्षात काही नावं पुन्हा येतात. एवढ्या पूर्वजांपैकी बहुतेकांचा डीएनए आपल्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे कॉन्स्टन्स हॉपकिन्स खरोखर तुमची पूर्वज असली, तरी तिचा एकही अंश तुमच्यात नसू शकतो.

बापाकडून मुलाकडे जाणारा वाय गुणसूत्राचा धागा किंवा आईकडून जाणारा मायटोकॉन्ड्रियल डीएनए यांनी एका सरळ रेषेची पडताळणी करता येते. पण नाव, गाव आणि साल सांगायला शेवटी कागदच लागतो.

सापडलेला पूर्वज कसा निघाला?

मेफ्लॉवरचा पूर्वज सापडला की लोकांना अभिमान वाटतो. कागद मात्र सगळंच सांगतात. मार्च १६२१ मध्ये समोसेट हा आदिवासी पाहुणा वसाहतीत आला, तेव्हा रात्री त्याला हॉपकिन्सच्या घरी उतरवलं होतं. त्याच वर्षी वाम्पानोआग प्रमुख मॅसॅसॉइट याला भेटायला गेलेल्या दोघा वसाहतकऱ्यांपैकी एक हॉपकिन्स होता.

याच माणसाला प्लिमथच्या न्यायालयानं १६३० च्या दशकात मारहाणीबद्दल दंड केला. रविवारी घरात लोकांना दारू पिऊ दिली, चढ्या भावानं माल विकला, अशाही नोंदी आहेत. त्याच्याकडे डोरोथी टेंपल नावाची मोलकरीण होती. ती गरोदर राहिली. मुलाचा बाप आर्थर पीच याला एका आदिवासी माणसाच्या खुनाबद्दल फाशी झाली होती. हॉपकिन्सनं डोरोथी आणि तिच्या बाळाला सांभाळायला नकार दिला. न्यायालयाचा हुकूम मानला नाही म्हणून त्याला कोठडीत टाकलं. अखेर हॉपकिन्सकडून तीन पौंड घेऊन दुसऱ्या एका गृहस्थानं तिला चाकरीच्या उरलेल्या वर्षांसाठी आपल्याकडे घेतलं, तेव्हा प्रकरण मिटलं.

बर्म्युडात ‘बायकामुलं उघड्यावर पडतील’ म्हणून जीवदान मिळालेला माणूस तो हाच. वंशावळीत हे दोन्ही कागद एकाच नावाखाली ठेवावे लागतात.

ज्यांची नावंच लिहिली गेली नाहीत, त्यांचं काय?

हॉपकिन्सचा शोध लागला, कारण त्याच्या मुलांची नावं एका चर्चनं लिहून ठेवली होती. सगळ्यांच्या वाट्याला हे आलं नाही.

१६१९ मध्ये, म्हणजे मेफ्लॉवरच्या एक वर्ष आधी, गुलाम केलेल्या आफ्रिकी माणसांना व्हर्जिनियात आणलं गेलं. त्यांचे वंशजही ‘सुरुवातीच्या अमेरिकनांचे’ वंशज आहेत. पण गुलामांची नावं जनगणनेत येत नव्हती. १८५० आणि १८६० मध्ये त्यांची वेगळी यादी झाली, तीही मालकाच्या नावाखाली. गुलामाच्या नावाच्या जागी बहुतेक ठिकाणी फक्त वय, लिंग आणि रंग. गुलामगिरी संपल्यावर झालेल्या १८७० च्या जनगणनेत या कुटुंबांची नावं पहिल्यांदा आली. त्यामागे गेलं की शोध बहुतेक वेळा अडतो, म्हणून अभ्यासक याला ‘१८७० ची भिंत’ म्हणतात. ती ओलांडायला मालकांची मृत्युपत्रं आणि विक्रीखतं वाचावी लागतात. हॉपकिन्सच्या मृत्युपत्रात जसा बैल आणि घोडी येते, तशी या कागदांत माणसं येतात.

व्हर्जिनियातल्या १६३५ च्या एका जमीन नोंदीत ‘टोनी, ईस्ट इंडियन’ असा उल्लेख आहे. अमेरिकेतल्या वसाहतींत आलेल्या, भारताकडच्या मुलखातल्या माणसाच्या सर्वात जुन्या उल्लेखांपैकी तो एक मानला जातो. नोंद आहे ती तो मजूर आणल्याबद्दल मालकाला मिळणाऱ्या जमिनीसाठी. त्याचं मूळ नाव आणि गाव लिहिण्याची गरज कुणाला वाटली नाही.

वाम्पानोआग लोकांसाठी तर वंशावळ हा हक्काचाच प्रश्न ठरला. एखाद्या जमातीला अमेरिकेच्या केंद्र सरकारची मान्यता हवी असेल, तर आजचे सभासद जुन्या जमातीचे वंशज आहेत हे कागदांनी दाखवावं लागतं. मॅशपी वाम्पानोआगांना ही मान्यता २००७ मध्ये मिळाली. मेफ्लॉवर त्यांच्याच भूमीला लागलं होतं, त्याला तेव्हा जवळजवळ ३९० वर्षं झाली होती.

थोडक्यात, पूर्वज शोधताना काय पाहायचं?

आजपासून सुरुवात करून एकेक पिढी पक्की करत मागे जायचं. छापील पुस्तक किंवा ऑनलाइन वंशावळ हा पुरावा मानायचा नाही. तिथून मूळ कागदापर्यंतची वाट तेवढी शोधायची. एक नाव जुळलं म्हणून थांबायचं नाही. बायको, मुलं, वय आणि गाव मिळून बसतात का, ते पाहायचं. आणि जिथे पुरावा संपतो तिथे ‘संभाव्य’ हा शब्द लिहायला कचरायचं नाही.

स्टीफन हॉपकिन्सच्या वंशजांनी अनेक दशकं चुकीच्या गावाला आपलं मूळ मानलं. योग्य गाव सापडलं ते त्याच्या पराक्रमाच्या कथेतून नव्हे, तर मेरी नावाच्या एका बाईच्या दफनाच्या नोंदीतून आणि तिच्या तीन मुलांच्या बाप्तिस्म्यांतून. तोवर तिचं नाव कुठल्याच वंशावळीत नव्हतं.